वायर कुठलीही चालत नाही

गिऱ्हाईक येतं, बारा इंची सबवूफर पसंत करतं, ॲम्प्लिफायरच्या वॅटवरून तासभर घासाघीस करतं आणि वायरचा विषय निघाला की म्हणतं, "ती कुठलीही टाका." कार ऑडिओच्या धंद्यात माझं सगळ्यात जास्त भांडण या एका वाक्याशी आहे.

हिशेब बघा. 500 वॅट आरएमएसचा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात वाजताना साधारण 45 अँपिअर ओढतो. घरातला दीड टनी एसी सात-आठ अँपिअरवर चालतो. गाडीत व्होल्टेजच मुळात 12 ते 14, म्हणून करंट एवढा. बॅटरी बॉनेटखाली, ॲम्प डिकीत, मध्ये पाचेक मीटर वायर. ती 4 गेजची, अस्सल तांब्याची असेल तर वाटेत 0.2 व्होल्टही पडत नाही. 8 गेजची टाकली की अर्धा व्होल्ट गेलाच. त्यात बाजारातल्या बऱ्याचशा जाडजूड वायरी म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ब्लेडने एक तार खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत करा. व्होल्टेज पडलं की ॲम्प लवकर क्लिप होतो. मग ढोलकीची थाप सुटी ऐकू येत नाही, नुसती घरघर उरते आणि वूफरची कॉइल तापत राहते.

पण खरी मेख अर्थिंगमध्ये. जेवढा करंट लाल वायरने येतो, तेवढाच काळ्या वायरने परत जातो, हे लक्षात कोण घेतं? डिकीतलं कार्पेट उचलून बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने घासायचा, पत्रा चकचकीत दिसेपर्यंत. त्यावर रिंग लग, दातेरी वॉशर, बोल्ट करकचून आवळायचा आणि वरून ग्रीस. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने उघडा पत्रा फार लवकर गंजतो, तिथे ग्रीस चुकवूच नये. ही अर्थिंगची वायर अर्ध्या मीटरच्या आत हवी. रंगावरच बोल्ट मारलेल्या गाड्या माझ्याकडे "वूफर बाद झालाय" म्हणून येतात. वूफर ठणठणीत असतो.

सिग्नलची आरसीए केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूने, पॉवर वायरपासून लांब न्यावी. ड्युअल कॉइलचा 4 ओहमी वूफर पॅरलल जोडला तर 2 ओहम, सिरीजमध्ये 8. ॲम्पला काय झेपतं ते आधी वाचावं.

आणि फ्यूज. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, कारण तो वायरीसाठी असतो. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याच्या धारेने इन्सुलेशन कापलं जातं, आणि फ्यूज मागे ॲम्पजवळ असेल तर आग लागते. इथे काटकसर करणाऱ्याला मी काम नाकारतो.

यंदा गाडीत वूफर बसवणार असाल तर गाडी ताब्यात घेण्याआधी फिटरला गाणं मोठ्याने लावायला सांगा आणि ॲम्पच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरायला लावा. इंजिन चालू असताना तिथलं व्होल्टेज बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त खाली आलं, तर उरलेले पैसे देऊ नका.