मी गप्प असते तेव्हा

सोनोग्राफीच्या टेबलावर बाई आडवी झाली की पहिली काही मिनिटं मी फारसं बोलत नाही. बाईला यंत्रापेक्षा माझ्या या गप्प बसण्याचीच जास्त धास्ती वाटते. "म्याडम, काय वंगाळ हाय का?" सासूबाई दारातून विचारतात. बहुतेक वेळा वंगाळ काही नसतं. मी मोजत असते.

यंत्राबद्दलची भीती लवकर जाते. हा एक्स-रे नव्हे, कानाला न ऐकू येणारा आवाज आहे. कारखान्यात लोखंडातल्या भेगा शोधायला तो वापरत. ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी तो पोटावर लावून पाहिला आणि 1958 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. दुखत काहीच नाही. जेल तेवढं गार लागतं. महाबळेश्वरच्या डिसेंबरात तर फारच, म्हणून आम्ही बाटली कोमट पाण्यात ठेवतो.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून बैठकीपर्यंतची लांबी मोजायची. तेव्हा सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून त्यावरून काढलेली तारीख सहसा पाच-सात दिवसांपलीकडे चुकत नाही. पाळीची तारीख विचारली की आमच्याकडे "मांढरदेवच्या जत्रंला" किंवा "होळीच्या आधी चार दिस" असं उत्तर येतं. मला ते आवडतं. पौष पौर्णिमा कधी होती ते पाहिलं की हिशेब लागतो. पण त्याला मापाचा दुजोरा हवा. आठव्या महिन्यात बाळ लहान भरलं, तर ते खरंच वाढत नाही की तारीखच चुकली आहे, हे या पहिल्या मापावरून कळतं. शेवटच्या रिपोर्टवर यंत्र नवी तारीख छापतं. ती धरून बसू नका.

खरी कसोटी 18 ते 20 आठवड्यांची. मेंदू, ओठ, मणका, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडं, हातपाय, सगळं एकेक करून पाहायचं. माझा गप्पपणा इथे सर्वांत लांबतो आणि तो सगळा हृदयापाशी जातो. मिनिटाला 110 ते 160 ठोके देणारा तो इवलासा अवयव, आणि बाळ पाठ करून झोपलेलं! मग बाईला उठवते, खाऊन ये म्हणते, थोडं चालून ये म्हणते. पुन्हा बोलावलं म्हणजे दोष सापडला असं नाही.

"वार खाली आहे" हे वाक्य ऐकून कित्येक जणी घरी जाऊन अंथरूण धरतात. पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार गर्भाशय वाढेल तशी बहुतेकींमध्ये वर सरकते. बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा पाहायचं, आणि मधे रक्त दिसलं तर मात्र तडक दवाखाना गाठायचा. आणि एक, 'सगळं नॉर्मल' असं मी कधी लिहीत नाही. या तपासणीत दोष दिसला नाही, इतकंच लिहिते. हृदयातली काही छिद्रं, काही जनुकीय आजार पडद्यावर दिसतच नाहीत.

एका बाबतीत मात्र मी शेवटपर्यंत गप्प राहते. "पेढा का बर्फी?" म्हणजे मुलगा की मुलगी, हा प्रश्न अजून येतो, हसत हसत येतो. लिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. केंद्राचा 1994 मध्ये आला. याच सातारा जिल्ह्यात 2011 साली 'नकुशी' नावाच्या मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्यांच्या जन्माआधी त्यांच्या आयांवर काय बेतलं असेल? कायदा धरून चालतो, की लिंगनिदानासाठी बाईला घरच्यांनीच भरीला घातलं असणार. मला हे कलम सगळ्या कायद्यातलं सर्वांत शहाणं वाटतं. या कायद्याचे फॉर्म भरताना काही डॉक्टर कुरकुरतात. मी कुरकुरत नाही. यंत्र जीपमध्ये टाकून तापोळ्याला न्यावं असं पावसाळ्यात फार वाटतं, पण याच कायद्यामुळे नोंदवलेल्या जागेतून ते मला हलवता येत नाही. त्रास होतो, तरी ते बरोबरच आहे.

त्रास होतो, कारण अंतर इथे खरंच आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांतल्या बाया लाँचने येतात, मग जीपने घाट चढतात. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे 600 मिलिमीटर पाऊस झाला, दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. म्हणून पंचांग धरूनच सांगते. शेवटची पाळी मांढरदेवच्या जत्रेला आली असेल, तर पाचव्या महिन्याची तपासणी ज्येष्ठ लागता लागता, पावसाआधी उरकते. पाडव्याला आली असेल, तर ती नेमकी श्रावणात येते. अशांनी दिवस गेल्याचं कळताच ठरवावं आणि वाई-साताऱ्याला कुणी नातेवाईक असेल तर त्या आठवड्यांत तिथे जाऊन राहावं. येताना जुने सगळे रिपोर्ट आणि आधार कार्ड आणा. उपाशी येऊ नका. आणि माझं मोजून झालं की मनातलं सगळं विचारा, पेढा-बर्फी सोडून.