घाई न सोसणारा सांधा

मी मराठी शिकवतो; रसायनशास्त्राशी माझे नाते वडिलांच्या पांढऱ्या गोंदापुरते. आमचे आजोबा जनावरांच्या हाडाकातड्याचा सरस तापवून लाकूड जोडीत. १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आला आणि पुढे वडिलांचा हात बसला तो या पांढऱ्या गोंदावर.

कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने त्यातले मर्म सांगितले. हा गोंद पाण्यात विरघळलेला नसतो. पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. ते प्रकाश विखुरतात म्हणून गोंद दुधासारखा दिसतो. पाणी लाकडात मुरते, हवेत उडते, तसे कण जवळ येऊन एकजीव होतात आणि पारदर्शक पापुद्रा धरतो. भिंतीच्या इमल्शन रंगातही असेच ॲक्रिलिकचे कण रंगद्रव्याला धरून ठेवतात. फार गारठ्यात मात्र कण कडकच राहतात; सांधा खडूसारखा पांढरट आणि कमजोर होतो.

हे शास्त्र वडिलांना कोणी शिकवले नव्हते. पण बेळगावच्या आषाढात ते दुसऱ्या दिवसापर्यंत शिकंजा सोडीत नसत. एका वर्षी लग्नघरच्या गिऱ्हाइकाने घाई केली. वडील बधले नाहीत. काम गेले, माझ्या एम.ए.च्या फीसाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

आई चिडली, "अहो, देऊन टाकायचं होतं की!"

ते म्हणाले, "आत पाणी असताना कसं देऊ?"

आईचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही. पाटल्या सुटल्या नाहीत. ते टेबल माझ्या घरी आहे. त्याचा सांधा अजून हललेला नाही.