कानशीचे ओरखडे

गेल्या आगमनकाळात एका घराला आशीर्वाद देण्यासाठी मी भिवंडीजवळच्या दापोडे गावी गेलो होतो. जिकडे पाहावे तिकडे गोदामे, मालमोटारींच्या रांगा आणि त्यांच्या आडोशाला भाड्याच्या खोल्या. मूळचे संगमनेरकडचे एक कुटुंब तेथे नुकतेच राहावयास आले होते. प्रार्थना आटोपली, चहा झाला. मग घरातल्या मावशींनी एक पत्र्याचा डबा माझ्यासमोर जमिनीवर ठेवला.

"फादर, आमचे मामंजी दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते. त्यांच्या ट्रंकेत हे निघालं. तुमचे वडील खडकीला होते, म्हणून तुम्हांला दाखवते."

डब्यात फडक्यावर पाच काडतुसे आडवी पडली होती.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. १८६९ साली सुरू झालेल्या त्या कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घराचे घड्याळ चाले. काडतूस कसे वाचावे हे वडिलांनी मला पाटीवर चित्र काढून शिकविले होते. मुलांना दूर बसवून, कशालाही हात न लावता, विजेरीच्या उजेडात मी वाचू लागलो. पितळी पुंगळीच्या बुडाशी 'के' आणि 'एफ' ही अक्षरे, मध्ये बाण: म्हणजे खडकीचाच माल. टोपीभोवती जांभळे वलय: म्हणजे साधी गोळी. तेथे लाल वलय असते तर उजेडाची रेघ सोडीत जाणारी, हिरवे असते तर चिलखत भेदणारी, निळे असते तर आग लावणारी. ही .३०३ रायफलची 'मार्क सात' काडतुसे, १९१० साली स्वीकारलेल्या अणकुचीदार गोळीची.

चार गोळ्यांची टोके अखंड होती. पाचवीचे टोक मात्र बोथट होते, आणि त्यातून पांढुरके काही डोकावत होते.

"ही शिकारीची असेल," नातू म्हणाला. मलाही क्षणभर तसेच वाटले. पण शिकारीच्या मऊ टोकाच्या गोळीत कवचाची कड एकसारखी वळविलेली असते आणि तिच्यातून करडे शिसे दिसते. येथे तिरपे ओरखडे होते. शिवाय 'मार्क सात'च्या टोकात शिसे नसतेच. तेथे अ‍ॅल्युमिनियम भरीत, युद्धाच्या टंचाईत लाकडाचा वा कागदाचा लगदाही. ते पांढुरके म्हणजे अ‍ॅल्युमिनियम होते. कारखान्यातून नीट निघालेली गोळी कोणीतरी कानशीने घासली होती.

असे का करतात, हेही मी वडिलांकडूनच ऐकले होते. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार होती, की गोळी माणसाच्या आरपार जाते, पण माणूस थांबत नाही. मग कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोक उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. ती शरीरात फुलून पसरे आणि भयंकर जखम करी. १८९९ साली हेगच्या परिषदेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. 'मार्क सात'चे कवच त्या नियमाप्रमाणे टोकाशी पूर्ण बंद आहे. परंतु टोक हलके आणि बूड जड असल्याने ती शरीरात शिरताच उलटते. वाचकहो, नियमाचे अक्षर पाळले गेले. जखम मात्र लहान झाली नाही. पेला बाहेरून घासण्यात माणूस किती तरबेज आहे!

आणि घासणाऱ्याला तरी काय मिळते? या गोळीचे कवच बुडाशी उघडे असते. टोकही उघडे केले, तर शिसे पुढे निघून जाऊन रिकामे कवच नळीत अडकण्याची भीती असते. मग पुढची गोळी सुटताना नळी फुटते, ती घासणाऱ्याच्याच तोंडाशी.

मी हे सांगत असताना मावशी गप्प होत्या. मग म्हणाल्या, "फादर, मामंजींनी केलं असेल का हो हे? ते तर मुंगीलाही जपायचे."

ज्या उत्तरासाठी माणसे आम्हां धर्मगुरूंकडे येतात, तेच माझ्याजवळ नव्हते. मी म्हणालो, "मावशी, गोळीवर कारखाना लिहिलेला असतो, कानस कोणाच्या हातात होती ते लिहिलेलं नसतं. कदाचित त्यांनी दुसऱ्या कोणाकडून ही काढून घेतली असेल. कदाचित त्यांनीच घासली असेल आणि मग ती उडवणं त्यांच्या जिवावर आलं असेल. एवढं मात्र खरं, की ही गोळी सुटली नाही."

नातवाचे म्हणणे पडले, की रात्री डबा खाडीत टाकावा. पोलीस नकोत, आजोबांची बदनामी नको. पण जिवंत काडतूस विनापरवाना बाळगणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, आणि खाडीत टाकलेले उद्या एखाद्या पोराच्या हाती लागू शकते. मावशींनीच निर्णय केला. "जे आहे ते आहे. लपवायचं कशाला?"

आम्ही पोलिसांना कळविले. त्यांनी येऊन पंचनामा केला आणि डबा नेला. सासऱ्यांचे नाव सांगताना मावशींचा आवाज हलला नाही. रिकामे फडके तेवढे त्यांनी मागून घेतले आणि घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवले.