दार कोणी उघडलं?

‘स्टार ट्रेक’वरून आमच्या घरात सरळ दोन तट आहेत. एका तटात मी एकटा, दुसऱ्यात बायको आणि दोन्ही मुलं. ‘टोकदार कानांची माणसं यानात बसून भाषणं ठोकतात’, हे बायकोचं मत. खरं सांगायचं तर त्यात फारसं चूक नाही. १९६६ साली सुरू झालेल्या या मालिकेच्या पोटी इतक्या मालिका आणि चित्रपट जन्माला आले आहेत की त्यांचा हिशेब ठेवणं हा एक वेगळाच उद्योग आहे.

सुरुवातीला मी त्यात आपलं माणूस शोधायचो. खान नूनियन सिंग हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असलेला खलनायक सापडला. पण १९६७च्या भागात आणि १९८२च्या चित्रपटात तो रंगवला मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंताल्बान यांनी, आणि २०१३ मध्ये तर चक्क बेनेडिक्ट कंबरबॅच या गोऱ्या इंग्रजाने! १९७९च्या पहिल्या चित्रपटात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा होती, पण डोक्याचा गोटा करून, परग्रहवासी म्हणून. १९८६ मध्ये टेनिसपटू विजय अमृतराज एका यानाचा कप्तान झाला आणि पापणी लवायच्या आत गेलासुद्धा. अखेर आपलं माणूस मिळालं ते भलत्याच नावाने. हॅरी किम.

हॅरी ‘व्हॉयेजर’मधला. ही मालिका १९९५ ते २००१ या काळात चालली. यान घरापासून ७० हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं. पूर्ण वेगाने निघालं तरी परतायला ७५ वर्षं! हॅरी हा त्यावरचा अगदी नवखा अधिकारी. त्याचं क्लॅरिनेट घरी राहतं. यान निघण्यापूर्वी त्याची आई कप्तानबाईंना विचारते, पाठवून देऊ का, वेळ आहे का? वेळ नसतो. हे पाहिलं तेव्हा मी टेक्ससमध्ये एम.एस. करत होतो. चौघांत मिळून एक जुनाट टीव्ही होता. १९९९च्या ऑगस्टमध्ये सहार विमानतळावर वजन जास्त भरलं म्हणून बॅगेतून काढलेली भाजणीची पिशवी आईच्या हातात तशीच राहिली होती. क्लॅरिनेट काय आणि भाजणी काय! शिवाय हॅरीला सात वर्षांत एकही बढती मिळाली नाही. पुढे ग्रीन कार्डच्या रांगेत उभा असताना मला त्याची फार आठवण यायची.

एका भागात पहिल्यांदाच घरची पत्रं येतात. टुव्हॉक आजोबा झालेला असतो. कप्तान जेनवे हिच्या वाग्दत्त वराने वाट पाहून पाहून दुसरीशी लग्न केलेलं असतं. पुढे पृथ्वीशी थेट बोलायची सोय होते, माणशी तीन मिनिटं. पाच डॉलरचं कॉलिंग कार्ड खरवडून, शेवटचा मिनिट उरल्याची सूचना ऐकत घरी फोन केलेल्या कुणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. लेखकांचे यंत्र-तंत्राचे तपशील पुष्कळदा हास्यास्पद असत (आमच्या धंद्यात असा कोड कुणी तपासून पुढे जाऊ दिला नसता), पण घरापासून दूर असणं त्यांना नेमकं कळलं होतं.

आणखी एक भाग आहे, ‘ब्लिस’ नावाचा. एक अजस्र प्राणी यानाला गिळायला टपलेला असतो. त्याची युक्ती एकच, ज्याला जे हवं ते त्याला दाखवायचं. सगळ्यांना घरी जायचा सोपा रस्ता दिसतो, घरून आनंदाच्या बातम्या येतात. यानावरच जन्मलेली छोटी नाओमी मात्र फसत नाही, कारण तिला पृथ्वीवर जायचंच नसतं. तिचं घर म्हणजे यानच. माझ्या थोरलीने सातव्या वर्षी नाशिकला जाताना विमानात विचारलं होतं, “बाबा, आपण घरी परत कधी येणार?” तेव्हा मला नाओमी आठवली.

आता मुख्य तक्रार. शेवटचा भाग लागला २३ मे २००१ रोजी. माझ्या पदवीदान समारंभासाठी आई-बाबा आले होते, आणि मी आईला आधीची सगळी गोष्ट सांगून शेजारी बसवलं. त्या भागाच्या सुरुवातीला परतीनंतरच्या दहाव्या वर्षाचं एक स्नेहसंमेलन दाखवलंय, थेट आपल्या मंडळासारखं. पण ते एका वेगळ्या भविष्यातलं, पुढे पुसून टाकलेलं. खरी परत येण्याची वेळ आली, यानावर एक बाळ जन्मलं, समोर पृथ्वी दिसली, आणि संपलं! नावं सरकू लागली.

आई म्हणाली, “अरे, मग? तो मुलगा घरी गेला की नाही? दार कोणी उघडलं?”

सात वर्षं घरी जायचं घरी जायचं म्हणत आम्हाला बसवलं, आणि उंबऱ्याशी आल्यावर पडदा टाकला. हा दोष एकट्या ‘व्हॉयेजर’चा नाही. २००४च्या डिसेंबरमध्ये आलेला ‘स्वदेस’ पाहताना आमच्या गावच्या थिएटरात रुमाल निघाले होते. आशुतोष गोवारीकरांचा चित्रपट, वाईजवळच्या मेणवलीचा घाट, स्टेशनवर पाणी विकणारं ते पोर... मीही रडलो. पण नासातल्या त्या मोहन भार्गवला आई-बाप नाहीत, बायको-पोरं नाहीत, घराचे हप्ते नाहीत. तो परततो, गावात कुस्ती खेळतो आणि चित्रपट संपतो. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या वीजनिर्मितीचं काय झालं? अमेरिका आठवून एखाद्या रात्री झोप उडाली का? परतण्याची कथा जिथे सुरू व्हायला हवी तिथेच तिला संपवून टाकतात. आम्ही डोळे पुसून पार्किंग लॉटमध्ये समोसे खाल्ले. त्या दिवशी बरोबर असलेल्यांपैकी परत कुणीच गेलं नाही.

बाबा २०१४ साली गेले. २०२०च्या मार्चमध्ये भारतात येणारी प्रवासी विमानं थांबली, नियमित उड्डाणं सुरू व्हायला २०२२चा मार्च उजाडला. आईशी रोज व्हिडिओवर बोलायचो, तीन मिनिटांचं बंधन नव्हतं, तरी तेवढ्यातच बोलणं संपायचं. पूर्वी दर फोनला ती “कधी येणार?” म्हणायची. तिने ते विचारणं केव्हा थांबवलं ते माझ्या लक्षातच आलं नाही.

त्या जूनमध्ये पहाटे साडेचारला नाशिकला टॅक्सीतून उतरलो. बेल वाजवली. दार उघडलं ते आईला सांभाळणाऱ्या मावशींनी. त्यांनी मला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघून त्या बाजूला झाल्या. आई पलंगावर उठून बसली होती. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

“परत कधी जायचंय?” तिने विचारलं.

“आत्ताच आलोय ना गं. तीन आठवडे आहे.”

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग मावशींना म्हणाली, “उजाडलं की भाजणी भाजायला घ्या. दळून यायला हवी वेळेत.”