चूरू : एका गावाचे दोन ऋतू

दिल्लीहून बिकानेरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, थरच्या वाळवंटाच्या उंबरठ्यावर, चूरू हे जिल्ह्याचे गाव आहे. आपल्या कानांवर त्याचे नाव बहुधा वर्षातून दोनदाच पडते : मे-जूनच्या बातम्यांत देशातील सर्वाधिक तप्त ठिकाणांपैकी एक म्हणून, आणि जानेवारीत गारठलेल्या ठिकाणांच्या यादीत. १ जून २०१९ रोजी येथे ५०.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. थंडीत काही पहाटे पारा शून्याखाली उतरतो. एकाच गावाने, एकाच अंगणात, ही दोन्ही टोके सोसावीत याचे आपल्याला नवल वाटेल. पण कारण साधे आहे. समुद्र दूर, आकाश निरभ्र आणि पायाखाली कोरडी वाळू. वाळू लवकर तापते आणि तितक्याच लवकर निवते. हवेत बाष्प नसल्याने दिवसाची ऊब रात्री धरून ठेवणारे काही उरत नाही.

माझ्या वडिलांच्या एका जुन्या स्नेह्यांचे घर तेथे आहे. त्या निमित्ताने आम्ही एकदा जूनमध्ये आणि एकदा जानेवारीत तेथे राहिलो. पहिल्या खेपेस वडील ७७ वर्षांचे होते. आपल्या घरात त्या वयाचे कोणी असेल, किंवा आपणच त्या वयाचे असाल, तर या गावाकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

जूनमध्ये आपण तेथे उतरलात, तर पहिल्या दिवशी एक भ्रम होईल : आपल्याला घाम येतच नाही. मुंबईत, कोकणात घाम अंगावरून ओघळतो, म्हणून तो कळतो. चूरूच्या कोरड्या हवेत तो फुटताक्षणी वाळून जातो. संध्याकाळी सदरा काढला की पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा उमटलेला दिसतो, आणि मग कळते की दिवसभरात शरीरातून किती पाणी गेले. त्यात वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते, घामाची क्षमता उणावते. लघवी जास्त व्हावी म्हणून दिलेल्या किंवा रक्तदाबावरच्या काही गोळ्या ही उणीव आणखी वाढवतात. (त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी आणि मीठ किती घ्यायचे, हेही त्यांनाच विचारावे.)

गावाजवळ ‘सेठाणी का जोहड’ नावाचा देखणा बांधीव तलाव आहे. विक्रम संवत १९५६ च्या, म्हणजे इसवी सन १८९९ च्या, भीषण दुष्काळात एका सेठाणीने लोकांना काम मिळावे म्हणून तो बांधवला. आम्ही सकाळी लवकर निघूनही परतेपर्यंत ऊन वर आले होते. घरी पोहोचल्यावर वडील ओसरीवर बसले आणि गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांनी यजमानांच्या मुलाला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. आम्हाला तो विसराळूपणा वाटण्याआधीच घरातील वृद्ध दादीजी उठल्या. “यांना लू लागली आहे,” त्या म्हणाल्या. त्यांनी वडिलांना आतल्या थंड खोलीत निजवले, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली, अंगावर पाणी शिंपडून पंख्याचा वारा दिला. वडील शुद्धीवर होते, म्हणून घोटघोट पाणी पाजले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नाही, हे त्या बजावून सांगत होत्या. तोवर डॉक्टर आले. संध्याकाळपर्यंत वडील सावरले आणि म्हणाले, “पण मला तहान लागली नव्हती रे.”

ते खरेच बोलत होते. त्यांच्या शरीराने त्यांना खबर दिलीच नव्हती. वृद्ध माणूस उन्हात एकाएकी गप्प झाला, असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला किंवा त्याची चाल अडखळली, तर त्याला वयाचा दोष समजू नये. त्याला ताबडतोब गार करावे आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भान हरपणे, तप्त अंग आणि चाळीसच्या पुढे गेलेला शरीराचा पारा ही उष्माघाताची चिन्हे आहेत, आणि तेथे मिनिटामिनिटाला किंमत असते.

दादीजींच्या घरात तहान लागण्याची वाट कोणी पाहतच नव्हते. सकाळी बाजरीची राबडी, म्हणजे ताकात शिजवून निववलेले बाजरीचे पीठ. आपल्याकडील अंबिलीची सख्खी बहीणच म्हणा. दुपारी कैरीचे पन्हे, मध्येच ताक. कोणी विचारत नसे. पेला हातात येई. ‘पाणी हवे का?’ या प्रश्नाला वृद्ध माणूस बहुधा ‘नको’ म्हणतो, हे त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असावे. दुपारी बाजार सुस्त, दारे बंद, डोक्या-कानांवरून सुती कापड. जुन्या हवेल्यांच्या जाड भिंती, आतला चौक, चुन्याचा घोटीव गिलावा या साऱ्याचा अर्थ दुपारी दोन वाजता कळतो. खिडक्या दिवसा बंद आणि रात्री उघड्या. आपण शहरात नेमके उलट करतो. आणखी एक गोष्ट : हवा चाळीस अंशांच्या पुढे गेली की नुसता पंखा गार करीत नाही, तप्त वारा अंगावर लोटतो. अंग ओले असेल तरच त्याचा उपयोग.

(याच शेखावाटीतून कितीतरी व्यापारी घराणी महाराष्ट्रात आली. जमनालाल बजाजांचा जन्म सीकरजवळच्या खेड्यातला आणि कर्मभूमी वर्धा. वर्ध्याच्या उन्हाळ्याने या मंडळींना फारसे दचकवले नसावे.)

जानेवारीतील चूरू अधिक फसवे आहे. दुपारी ऊन इतके सुखद असते की शाल नकोशी होते. सूर्य मावळला की तासाभरात हवा अशी पालटते, जणू कोणी दार उघडे टाकले आहे. एका संध्याकाळी वडील गच्चीवर पातळ सदऱ्यातच बसून राहिले होते. ते कुडकुडत नव्हते. म्हणून कोणाला काही वाटले नाही. खाली येऊन स्वेटर चढवताना मात्र त्यांना बटणे लावता येईनात. बोटे ऐकत नव्हती. वृद्धांना शहारे कमी येतात; बोटांचा बोजडपणा, जड जीभ, पेंग या खुणा आधी दिसतात. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले तर ती वैद्यकीय निकड असते. त्यांना रजईत घेतले, कानटोपी घातली, गरम राब दिली. हातपाय चोळले नाहीत, मद्याचा तर विचारही नको. त्याने ऊब वाटते, पण शरीरातील उष्णता बाहेर जाते.

त्या थंडीत खोलीत शेगडी घेऊन निजण्याचा मोह होतो. तो कृपा करून टाळावा. बंद खोलीतील कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपेतच माणूस दगावतो. यजमानांकडे शेगडी ओसरीवर असे आणि निजण्यापूर्वी विझवली जाई. पहाटे रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, रक्तदाब वाढलेला असतो; म्हणून हृदयरोग्यांनी अंधारात फिरायला निघू नये. रात्री उठावे लागले तर आधी टोपी आणि पायमोजे चढवावेत, दोन मिनिटे काठावर बसावे, मग उभे राहावे. पहाटे थंड पाण्याने स्नान करण्याचा नेम असणाऱ्यांनी तो या गावापुरता तरी बाजूला ठेवावा. वडिलांनी ठेवला, कुरकुर करीत.

आपणास ज्येष्ठांसह जायचेच असेल, तर दोन्ही टोके सोडून नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध निवडावा. तेव्हा हवेल्यांची भित्तिचित्रे सावकाश पाहता येतात, आणि जिल्ह्यातच असलेल्या ताल छापरच्या गवताळ रानात गाडीत बसल्याबसल्या काळविटांचे कळप दिसतात. सकाळी निघताना शाल घ्यावी. अकराच्या सुमारास ती मांडीवर येईल, पण गाडीतच राहू द्यावी.