नांदेड-लातूर, ब्लॅक मेटल आणि सात आंबे

"कोण बोंबलायलंय रे तुझ्या त्या डबीत?"

माझ्या हेडफोनमधून बाहेर येणारा आवाज ऐकून अण्णांनी पहिल्यांदा हा प्रश्न विचारला, त्याला बरीच वर्षं झाली. धड उत्तर मला अजून देता आलेलं नाही. आज शनिवार, डिप्लॉयमेंट नाही, बाहेर पुण्याचा चिरचिरा पाऊस. म्हटलं, प्रयत्न करून बघू.

तर मंडळी, मी ब्लॅक मेटल ऐकतो. त्यातही ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल. ऑफिसात हे सांगितलं की समोरचा आधी माझ्या चेहऱ्याकडे, मग माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघतो. एकाने तर "अरे, पण तू शाकाहारी आहेस ना?" असं विचारलं होतं :)

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गिटारची एकच तार इतक्या वेगात छेडायची की सुटे सूर ऐकूच येऊ नयेत, त्यांचा एक सलग पडदा व्हावा. रात्री शेतात रातकिडे ओरडतात ना, तसं. एक किडा ओरडला तर कटकट होते, हजारो ओरडले की ती शांतता वाटते. खाली ड्रम म्हणजे पत्र्यावरचा पाऊस. गाणारा गात नाही, किंचाळतो, आणि तोही मागे कुठेतरी, दरीपलीकडून हाक मारल्यासारखा. गाणी दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटांची. पहिली तीन मिनिटं नुसता गोंगाट वाटतो. मग कान सरावतात आणि त्या गोंगाटाच्या आत एक संथ चाल सापडते. ती सापडली की सुटका नाही.

नॉर्वेच्या उल्वर या बँडचा 'बर्गटाट' हा १९९५ चा अल्बम डोंगरात ओढून नेल्या गेलेल्या एका मुलीच्या लोककथेवर आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावच्या वीव्हर बंधूंचा बँड, वुल्व्ज इन द थ्रोन रूम. त्यांच्या 'टू हंटर्स'मध्ये (२००७) चारच गाणी आहेत आणि शेवटचं अठरा मिनिटांचं आहे. तिकडची ओली, अंधारी जंगलं त्यात भरून राहिली आहेत. आणि पॅनॉप्टिकॉनचा 'केंटकी' (२०१२). ऑस्टिन लन नावाचा एकटा माणूस कोळशाच्या खाणी, खाणकामगारांचे संप आणि कापून टाकलेले डोंगर यांबद्दल गातो. मध्येच चक्क बँजो वाजतो. म्हणजे आपल्याकडे एखाद्याने मेटलमध्ये तुणतुणं घालावं तसं.

आता प्रश्न असा, की नॉर्वेच्या बर्फाचा आणि लातूरच्या पोराचा काय संबंध?

संबंध २०१६ चा आहे.

मी तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलवरच्या एका मित्राकडे मेटलने भरलेली हार्ड डिस्क होती, त्यातून मी हे उचललं. घर लातूरला, शेत चाकूरच्या बाजूला. शनिवारी लाल डब्यात बसायचं आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत घरी जायचं. खिडकीची काच नेमकी माझ्याच सीटची अडकलेली असायची. गरम वारा, धूळ, वाळलेलं कुसळी गवत, मैलोन् मैल भेगाळलेली काळी रानं, आणि कानात बर्फाळ जंगलांचं संगीत. खरं तर हे विनोदी वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही.

लागोपाठ दोन पावसाळे, २०१४ आणि २०१५, कोरडे गेले होते. लातूरचे नळ बंद. मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर प्रवास करून पाण्याची रेल्वे आली. १२ एप्रिलला पहाटे पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणलं. देशभर बातमी झाली, तुम्हीही टीव्हीवर बघितली असेल.

आपल्याकडे 'निसर्ग' म्हटलं की काय आठवतं? शाळेतला 'रम्य सकाळ' निबंध. किंवा माझे कलीग्ज जुलैमध्ये लोहगडावरून टाकतात ते फोटो. त्यात वाईट काही नाही, मीही जातो. पण आमच्याकडे निसर्ग बघायला जात नाहीत, तोच घरी येतो. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमचे आजोबा माळवदाखाली झोपले नाहीत ते शेवटपर्यंत. पत्र्याच्या शेडमध्ये बाज टाकायचे. हा असा निसर्ग, जो तुमच्यावर रागावलेला नसतो आणि तुमच्यावर त्याचं प्रेमही नसतं, तो मला पहिल्यांदा या संगीतात भेटला. तिकडे त्याला हिवाळा म्हणतात, आमच्याकडे मे महिना.

आमच्या शेतात, विहिरीजवळ, आजोबांनी लावलेले सात गावरान आंबे होते. त्या मे महिन्यात एका संध्याकाळी अण्णांचा हॉस्टेलवर फोन आला. जेवलास का, परीक्षा कशी चालली, वगैरे. शेवटी म्हणाले, "आंबे काढले बरं का." मला वाटलं, कैऱ्या उतरवल्या. म्हटलं, "आढी घातली का?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "झाडं काढली. लाकूडवाल्याला दिली."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? जूनमध्ये माझी फी वेळेवर भरली गेली. मी काही विचारलं नाही. त्या रात्री मात्र गच्चीवर पडून 'टू हंटर्स' तीनदा ऐकला. रडता येत नव्हतं, कुणीतरी आपल्या वतीने ओरडतंय एवढं पुरलं.

आणि त्याच सप्टेंबरमध्ये धो धो पाऊस झाला. मांजरा धरणात पाणी आलं.

एक गोष्ट सांगितली नाही तर ते लपवल्यासारखं होईल. या संगीताचा इतिहास स्वच्छ नाही. नव्वदच्या दशकात नॉर्वेत याच मंडळींतल्या काहींनी जुनी चर्चेस जाळली. बर्गेनजवळचं फानटॉफ्टचं लाकडी चर्च १९९२ मध्ये जळालं. खूनही झाला. काही बँड उघड वंशद्वेषी आहेत. 'आपली माती, आपलं जंगल' म्हणता म्हणता 'बाकीचे चालते व्हा' म्हणणारे सगळीकडेच असतात, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. मी निवडून ऐकतो. 'केंटकी' मला जवळचा वाटतो तो म्हणूनच. त्यातला माणूस डोंगराबद्दल बोलताना डोंगरात राबणाऱ्यांना विसरत नाही.

असो. तर गेल्या जूनमध्ये गावी गेलो होतो. शेतातल्या त्याच पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि अण्णा, वर पाऊस. मी एक इअरफोन त्यांच्या कानात घातला. दोन मिनिटं ऐकलं त्यांनी, डोळे मिटून. म्हणाले, "ह्यो रडायलाय का ओरडायलाय?"

"दोन्ही."

"लई घाईत हाय पण."

मग मी विचारलंच. "अण्णा, ते आंबे माझ्या फीसाठीच विकलेत ना?"

ते इअरफोन काढून वायर नीट गुंडाळत बसले. "फी काय, कशीबी भरली असती," ते म्हणाले. "वाळायलेली झाडं रोज बघवत नव्हती, म्हणून काढली."

खरं काय ते मला माहीत नाही. कदाचित दोन्ही खरं असेल. पाऊस वाढला तसं पत्र्यामुळे एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, मग आम्ही दोघं गप्प बसून ते ऐकत राहिलो.