चुकीच्या खात्यावरचा हिशेब

तिसरी मुलगी झाली. दुकानात रीतीप्रमाणे बर्फी वाटली गेली. घरात मात्र सासूबाई सुनेशी आठवडाभर बोलल्या नाहीत. पैपैचा चोख हिशेब ठेवणाऱ्या त्या घरात हा एकच हिशेब चुकीच्या खात्यावर मांडला गेला होता.

बाळंतिणीला पाहावयास आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तो सर्वांसमोर उलगडला. स्त्रीबीजात एक्स हेच गुणसूत्र असते. एक्स की वाय, हे पित्याच्या शुक्रजंतूबरोबर येते आणि त्यावर त्याचाही ताबा नसतो. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने हा भेद प्रथम पाहिला तो पिठातल्या किड्यांच्या पेशींत! पुढेही गर्भ घाई करीत नाही. सुमारे सहा आठवडे मुलगा आणि मुलगी यांची घडण सारखीच असते. दोन्ही प्रकारच्या नलिका प्रत्येकात असतात. मग वाय गुणसूत्रावरील एक जनुक जागे होते आणि वृषण घडू लागतात. ते नसेल तर बीजांडकोश. हे जनुक १९९० साली लंडनमध्ये ओळखले गेले. पुरुषाच्या छातीवरील स्तनाग्रे ही त्या समान काळाचीच खूण.

मुलगा मान खाली घालून म्हणाला, “आई, म्हणजे खाते माझे होते.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्या सुनेच्या खोलीत डिंकाचा लाडू घेऊन गेल्या.